व्याह्यांच्या डोक्यावर कार पार्क

इंग्लंडमध्ये मला सदतीस वर्षं झाली. या सदतीस वर्षांत मी एकदाही सूप पिताना आवाज केलेला नाही, मासा चुकीच्या सुरीनं कापलेला नाही आणि छपराखाली डोक्यावर टोपी ठेवलेली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगतोय, पण ती खरी आहे! स्टॅनमोर, हॅरो, एजवेअर इथल्या मराठी मंडळींत कोणाला इंग्रजी रीतभातीबद्दल शंका आली, की फोन मला येतो. नॅपकिन मांडीवर कधी घ्यायचा? यजमानांच्या कुत्र्याचं कौतुक किती मिनिटं करायचं? मी उत्तरं देतो. मागितली नसतील तरी देतो.

त्यामुळे आमची वरदा म्हणाली, "बाबा, टोबीचे मम-डॅड तुम्हाला मीट करायला मागतात, संडे लंचला," तेव्हा मी अगदी निश्चिंत होतो. टोबी म्हणजे आमचा होणारा जावई. एकतीस वर्षं इस्पितळात भूलतज्ज्ञ म्हणून काम केलंय. समोरच्या माणसाला शांत ठेवणं हाच माझा पेशा होता.

"पण एक गोष्ट," वरदा म्हणाली. "नो पॉलिटिक्स."

"मी आणि पॉलिटिक्स?"

"बाबा. कार पार्क."

इथे तुम्हाला कार पार्कबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात लायब्ररीच्या मागे कौन्सिलचा एक कार पार्क आहे. एकशे बारा गाड्या मावतात. तो पाडून तिथे फ्लॅट बांधायचं घाटतंय. मी त्याविरुद्ध ‘कार पार्क बचाव समिती’ काढली. समितीचे अकरा सभासद. त्यातल्या नऊ जणांनी सत्तरी ओलांडली आहे आणि सात जणांनी गाडी चालवणं सोडलंय, पण प्रश्न तत्त्वाचा आहे. मी सेक्रेटरी. समितीसाठी मी दोनशे टोप्या छापून घेतल्या. झगझगीत केशरी रंग, पुढे ‘सेव्ह अवर कार पार्क’, आणि मागे ‘जूडिथ, नो!’ मागची ओळ मला स्वतःला सुचली होती.

ही जूडिथ म्हणजे आमच्या वॉर्डातल्या पोटनिवडणुकीची उमेदवार. फ्लॅट झालेच पाहिजेत, हा तिचा सगळा प्रचार. तिला मी तोवर त्रेचाळीस पत्रं लिहिली होती. प्रत्यक्ष कधी भेटलो नव्हतो.

आणि ही जूडिथ म्हणजे टोबीची आई, हे मला कळलं तेव्हा टोप्या छापून झाल्या होत्या.

दोष माझा नाही. बाई राजकारणात माहेरचं आडनाव लावतात. टोबी वडिलांचं लावतो. दोन वर्षं तो पोरगा आमच्या घरी येऊन साबुदाण्याची खिचडी खात होता आणि मला पत्ता नव्हता!

"त्या लेटर्सचं त्यांना कळायला नको," वरदा म्हणाली. "प्लीज. टोबीची मम माझ्याशी खूप नाइस आहे, बाबा. फर्स्ट टाइम कोणाच्या तरी घरी मला पाहुणा वाटत नाही. तुम्ही तिथे कार पार्क सुरू केलात ना, तर..."

पुढचं तिला बोलता आलं नाही. वरदा चौतिसाव्या वर्षात आहे, सॉलिसिटर आहे, भल्याभल्यांना कोर्टाची पायरी दाखवते. तिचा आवाज असा झालेला मी एकदाच ऐकला होता, चौथ्यांदा ड्रायव्हिंग टेस्ट नापास झाली तेव्हा. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "वरदा, रविवारी माझ्या तोंडून कार पार्क हा शब्द निघणार नाही."

तो निघाला नाहीच. हे शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

"पण पत्रांवर माझं आडनाव आहे त्याचं काय?" मी विचारलं.

"इंग्लिश लोकांना आठल्ये वाचता येत नाही, बाबा. त्यांना फक्त ए दिसतो आणि मग खूप लेटर्स."

आम्ही दोघांनी यावर विश्वास ठेवला.

रविवार उजाडला. त्या दिवशी सकाळी साडेअकरापर्यंत मी स्टेशनबाहेर समितीची पत्रकं वाटत होतो. प्रॉमिस जेवणाचं होतं, सकाळचं नव्हतं! मार्चमधला वारा होता, माझ्या डोक्यावर केस नाहीत, म्हणून टोपी होती. तिथून मी परस्पर चालत ‘द थ्री लार्क्स’ या रेस्टॉरंटला पोचलो. बाहेर माझी बायको प्रमोदिनी आणि माझी थोरली बहीण शशीताई उभ्या होत्या. शशीताई साताऱ्याच्या कन्याशाळेची माजी मुख्याध्यापिका. सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे आली होती आणि एव्हाना आमच्या गल्लीतली चार इंग्लिश माणसं तिला घाबरून रस्ता बदलत होती.

प्रमोदिनीनं माझ्या डोक्याकडे पाहिलं. "अहो! ही घालून आलात?"

"काढणारच आहे आत जाताना. रीत आहे."

दारात पाटी होती. ‘जेवणाच्या दालनात सभ्य गृहस्थांनी कृपया हॅट काढावी. निवडणूक संपेपर्यंत पक्षाचं राजकारण बारवरच ठेवून यावं.’ मला ही पाटी इतकी आवडली, की मी ती दोनदा वाचली. मग उंबऱ्यावर थांबून मी टोपी काढली.

आता काढलेली टोपी ठेवायची कुठे? खुंट्या होत्या, पण त्या अख्ख्या दालनासमोर. खिशात घालावी, तर टोपीचा पुढचा भाग ताठ, तो खिशात जाईना. प्रमोदिनीची पर्स लहान. शशीताईची पर्स मोठी, पण ती आधीच फुगलेली. तेवढ्यात टेबलावरून वरदानं हात हलवला. सगळे उभे राहिले, हस्तांदोलनं झाली, आणि मी डाव्या हातातली टोपी खुर्चीवर टाकून तिच्यावर बसलो.

(पुढचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं. मी तुमच्यासाठी मराठीत सांगतोय. शशीताईचं मराठीत झालं, पण ते सगळ्यांना कळलं.)

जूडिथ ठेंगणी, हसरी, बोलकी. तिचे यजमान ब्रायन सहा फूट दोन इंच, निवृत्त हेडमास्तर, डोकं माझ्यासारखंच गुळगुळीत. बसल्या बसल्या त्यांचं लक्ष शेजारच्या टेबलाकडे गेलं. तिथे एक पन्नाशीचा गृहस्थ आपल्या फुटबॉल क्लबची टोपी घालून सूप पीत होता. ब्रायन वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "टोपी, सर. तुमची हरकत नसेल तर."

गृहस्थानं टोपी काढली. काय आवाज होता तो! माझासुद्धा हात डोक्याकडे गेला.

"माणूस पारखायला मला दोन गोष्टी पुरतात," ब्रायन मला म्हणाले. "तो टेबलावर टोपी काढतो का, आणि आपल्या विरोधकाबरोबर शांतपणे जेवू शकतो का."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पहिल्या परीक्षेत मी पास झालो होतो. मला ते बसल्या जागी जाणवत होतं.

जेवण झकास चाललं. भाजलेले बटाटे आले, फुगलेले यॉर्कशर पुडिंग आले, शशीताईसाठी दाण्यांचा एक शाकाहारी ठोकळा आला, तो तिनं चमच्यानं ठोकून पाहिला. मी हवेबद्दल बोललो. ब्रायन गुलाबाच्या कलमांबद्दल बोलले. जूडिथनं विचारलं, "यायला त्रास नाही ना झाला? पार्किंग..." आणि ती एकदम थांबली. टेबलाखाली कोणाचा तरी पाय कोणाच्या तरी पायावर जोरात पडला. माझा नव्हता. मी ते सोडून दिलं आणि पुन्हा हवेबद्दल बोललो. वरदा माझ्याकडे पाहून हसली. फार दिवसांनी पोरगी इतकं मोकळं हसली, मला फार बरं वाटलं.

मग जूडिथ हात धुवायला गेली, आणि शशीताईनं पर्स उघडली.

पर्समधून चांदीची कुंकवाची कुयरी निघाली. पुरचुंडीत बांधलेल्या अक्षता निघाल्या. सुपारी निघाली. तिनं बोटातली अंगठी काढून ताटलीत ठेवली.

"ताई, हे काय?" मी विचारलं.

"व्याही पहिल्यांदा भेटतायत. ओवाळल्याशिवाय गोड खाणार होतास?"

"हे रेस्टॉरंट आहे."

"मग? इथे माणसं बसत नाहीत?"

निरांजन पेटवायला मात्र वरदानं हात जोडून मनाई केली, वर धुराचा अलार्म होता. शशीताईनं टेबलावरची काचेच्या वाटीतली मेणबत्ती उचलली, उलटसुलट पाहिली आणि "चालेल" म्हणाली. टोबीच्या फोनवर पूर्व दिशा शोधली गेली. पूर्व स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाली. टोबीची खुर्ची तिकडे वळवली, डोक्यावर नॅपकिन टाकला, कुंकू लावलं, ओवाळलं. टोबी असा लाजला, की प्रमोदिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता व्याही!"

ब्रायननी आनंदानं खुर्ची पूर्वेकडे वळवली. म्हणजे त्यांची पाठ सगळ्या दालनाकडे झाली. शशीताईनं त्यांच्या डोक्यावर नॅपकिन टाकला. तो गुळगुळीत डोक्यावरून घसरून ग्रेव्हीत पडला. दुसरा टाकला. तो मेणबत्तीकडे निघाला, टोबीनं झेलला. तिसरा नॅपकिन माझ्या मांडीवर होता, पण मी तो द्यायला किंचित हललो मात्र, प्रमोदिनी कुजबुजली, "अहो, हलू नका!"

"बोडक्या डोक्याला मी ओवाळणार नाही," शशीताई म्हणाली. "अशुभ असतं. मोहन, तुझी टोपी दे."

"कुठली टोपी?"

"तू जिच्यावर बसलायस ती."

"ताई, ती नको. ती चुरगळलीय."

"ऊठ!"

मी अडुसष्ट वर्षांचा आहे. शशीताईनं ऊठ म्हटलं की मी अजून उठतो. तिनं टोपी ओढली, दोनदा झटकली, रंग पाहून "वा, केशरी, शुभ आहे," म्हणाली आणि ब्रायनच्या डोक्यावर दाबून बसवली.

"आत्या," वरदा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तो टोपीवर काय लिहिलंय ते वाचा ना!"

"वाचता येतं मला. इंग्रजी शिकवलंय मी. ओवाळताना टोपी वाचायची नसते."

ब्रायननी काही पाहिलं नाही. विधी म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. सत्तर वर्षांत ज्यानं टेबलावर टोपी घातली नाही, तो माणूस पाहुण्यांच्या मानासाठी केशरी टोपी घालून ताठ बसला होता. पण दालन पाहत होतं! दालनाला ब्रायनच्या टोपीची मागची बाजू दिसत होती. चार दिवसांवर निवडणूक आलेली, सगळे त्याच वॉर्डातले लोक, आणि उमेदवाराच्या नवऱ्याच्या डोक्यावर ‘जूडिथ, नो!’

आधी काटे थांबले. मग कुजबुज. मग फोन वर आले.

मी स्वच्छतागृहाच्या दाराकडे पाहत होतो. जूडिथ यायच्या आत उरकेल, अशी मला आशा होती. पण शशीताईनं आयुष्यात कधी काही उरकलेलं नाही. ब्रायनचं कपाळ नेमकं कुठे संपतं, हे ठरवण्यातच तिचं एक मिनिट गेलं.

"एक्स्क्यूज मी!" शेजारचा फुटबॉलवाला उभा राहिला होता. "यांना टोपी चालते? यांना? माझं जेवण अजून संपलेलं नाही!"

त्याचं म्हणणं शंभर टक्के रास्त होतं. एरवी मीच त्याच्या बाजूनं उभा राहिलो असतो.

मॅनेजरबाई धावत आल्या. छातीवर ‘तनिषा’ अशी पट्टी. त्यांनी टोपीची पुढची बाजू वाचली, वळसा घालून मागची बाजू वाचली, आणि त्यांचा चेहरा उतरला. पाटीवरचे दोन्ही नियम एकाच डोक्यावर मोडले गेले होते.

"सर, मी तुम्हाला विनंती करते, की ही टोपी..."

ब्रायननी डोळे उघडले नाहीत. शशीताईनं अक्षता टाकल्या. वरदानं एकदा स्वच्छतागृहाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "इट्स रिलिजस."

तनिषाबाई जागच्या जागी थिजल्या. "आय अ‍ॅम सो, सो सॉरी!" त्या दोन पावलं मागे सरल्या. "प्लीज, तुमचं सावकाश होऊ द्या. आमचं मागच्याच महिन्यात याचं ट्रेनिंग झालंय."

"रिलिजस?" फुटबॉलवाला ओरडला. "तिच्यावर कार पार्क लिहिलंय!"

"सर," तनिषाबाई वळून अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, "कोणाच्या श्रद्धेवर काय लिहिलेलं असावं, हे ठरवणारे आपण कोण?"

फुटबॉलवाल्यानं थोडा विचार केला. मग आपली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "मग माझीही श्रद्धा आहे. माझ्या क्लबवर. तीस वर्षं काही जिंकलेला नाही, तरी सोडलेली नाही. याला श्रद्धा नाही तर काय म्हणतात?"

तनिषाबाईंनी ते ट्रेनिंगमध्ये होतं का, हे आठवून पाहिलं. तेवढ्यात खिडकीजवळच्या एका आजोबांनी चटकन आपली ट्वीडची टोपी चढवली. बारजवळ एकानं हेल्मेट घातलं, त्याची श्रद्धा कशावर होती ते कळलं नाही. कोपऱ्यातून एक म्हातारी बाई काठी टेकत उठल्या. आमच्या समितीच्या सभासद क्रमांक नऊ! त्यांनी पर्समधून स्वतःची केशरी टोपी काढून डोक्यावर घातली आणि टाळ्या वाजवत म्हणाल्या, "शाब्बास, ब्रायन! मला वाटलंच होतं, तुम्ही मनातून आमच्यात आहात!"

"गाड्या नाहीत तर कार पार्क कशाला?" कोणीतरी ओरडलं.

"आणि फ्लॅटवाल्यांच्या गाड्या काय गच्चीवर ठेवणार?" दुसरं कोणीतरी ओरडलं.

हे वाक्य माझ्या सतराव्या पत्रातलं होतं. मी जीभ चावून गप्प बसलो. शब्द म्हणजे शब्द!

आणि जूडिथ परत आली.

ती हळूहळू चालत नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. नवऱ्याच्या कपाळावर कुंकू, भुवयांत तांदूळ, डोळे मिटलेले, आणि डोक्यावर मी.

"ब्रायन?"

"मला हलता येत नाही, डार्लिंग," ब्रायन म्हणाले. "धार्मिक आहे."

जूडिथनं टोपी अलगद उचलली. पुढचं वाचलं. फिरवून मागचं वाचलं. मग टोपी उलटी करून आत पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं, की आत एक पट्टी शिवलेली आहे.

वरदा शाळेत गेली, तेव्हा शाळेनं सांगितलं होतं, प्रत्येक कपड्याला नावाची पट्टी हवी. प्रमोदिनीनं बारा डझन पट्ट्या मागवल्या. कॉलेज संपलं, नोकरी लागली, पट्ट्या संपल्या नाहीत. टाकवत नाहीत म्हणून प्रमोदिनी त्या आजही घरातल्या सगळ्याला शिवते. माझे हातमोजे, माझी छत्री, माझा ड्रेसिंग गाऊन, सगळ्यावर एकच नाव आहे.

"वरदा आठल्ये," जूडिथनं वाचलं. अगदी स्पष्ट वाचलं, उच्चारासकट.

तिनं मान वर करून वरदाकडे पाहिलं. वरदाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘बाबांची आहे,’ एवढे दोन शब्द तिला पुरले असते. ती बोलली नाही. होणाऱ्या सासूसमोर अख्खं दालन आपल्याला दुतोंडी समजतंय हे दिसत असूनही माझी पोरगी बापाचं नाव घेत नव्हती. मला माझी लाज वाटली. इतकी, की मी खुर्ची मागे सरकवून उभाच राहिलो.

"ती टोपी माझी आहे," मी म्हणालो. "सगळ्या दोनशे माझ्या आहेत. मागची ओळ मीच लिहिली. त्रेचाळीस पत्रंही माझीच. वरदाचा यात काही संबंध नाही. ती तुमच्या बाजूची आहे, तिनं तुमची पत्रकं वाटली आहेत, आमच्याच दारातसुद्धा टाकली आहेत. तुम्हाला काय बोलायचं ते मला बोला. तिला काही बोलू नका. तिला तुमच्या घरी पाहुण्यासारखं वाटत नाही म्हणाली, आणि ते माझ्यामुळे जाऊ नये."

माझा आवाज शेवटी फुटला. भूलतज्ज्ञाला हे शोभत नाही, पण फुटला.

जूडिथनं टोपी सुलटी केली.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली.

"काय?"

"चव्वेचाळीस पत्रं, मोहन. एकतिसावं तुम्ही दोनदा पाठवलंत."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"वॉर्डात आठल्ये किती असतील, असं तुम्हाला वाटतं? दोन वर्षं ठाऊक आहे ना सुनेचं आडनाव! टोबीनं मला दम दिला होता, आज पार्किंगचा प सुद्धा काढायचा नाही. नडगी अजून दुखतेय माझी."

टोबी आणि वरदा दोघांनी एकाच वेळी मेनू उघडला.

"उत्तम पत्रं असतात," डोळे मिटूनच ब्रायन म्हणाले. "मी रविवारी ब्रेकफास्टला मोठ्यानं वाचतो. हल्ली अर्धविराम वापरणारं कोण राहिलंय?"

मी मटकन खाली बसलो. वरदानं टेबलावरून माझा हात धरला, घट्ट. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

"झालं," शशीताईनं जाहीर केलं. "उघडा डोळे."

ब्रायननी डोळे उघडले, बायकोच्या हातातली टोपी पाहिली, आपल्या डोक्यावर हात फिरवला आणि आपण काय केलं ते त्यांना उमगलं. त्यांचा चेहरा पडला. राजकारणाचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. ते उठले, कुंकवासकट शेजारच्या टेबलाजवळ गेले आणि ताठ उभे राहून म्हणाले, "सर, मी टेबलावर टोपी घातली. तुम्हाला काढायला लावून घातली. मी आपली क्षमा मागतो."

फुटबॉलवाल्यानं निमूटपणे टोपी काढली. त्याच्यामागोमाग आजोबांनी काढली. हेल्मेटही उतरलं. सभासद क्रमांक नऊ सर्वांत शेवटी बसल्या.

"विधी संपन्न झाला असेल, तर पुडिंग आणू का?" तनिषाबाईंनी दबकत विचारलं.

माझी टोपी जूडिथनं परत दिली नाही. "गुरुवारी हरले तर बागेत घालायला होईल," म्हणून पर्समध्ये टाकली.

गुरुवारी मतदान झालं. ते गुप्त असतं. मी एवढंच सांगतो, की मतदानाच्या कक्षात दोऱ्यानं बांधलेल्या पेन्सिलीला टोक नव्हतं आणि मला विचार करायला नको तितका वेळ मिळाला. जूडिथ अकरा मतांनी निवडून आली. आमच्या समितीत अकराच सभासद आहेत. यावर समितीत कोणीही काही बोललेलं नाही.

लग्न जूनच्या दुसऱ्या शनिवारी ठरलंय. हॉल लायब्ररीशेजारचा. मीच निवडला, मागे एकशे बारा गाड्यांची सोय आहे म्हणून. परवा जूडिथचा फोन आला.

"मोहन, बांधकामाचं कुंपण एक जूनला लागतंय. तुमच्याकडचे पाहुणे किती?"

"दोनशे साठ."

"आणि ते गाड्या साधारण कुठे लावतात?" तिनं विचारलं.

फोन ठेवून मी तडक पत्र लिहायला बसलो. ‘प्रिय कौन्सिलर’ लिहिलं आणि खोडलं. ‘प्रिय विहीणबाई’ लिहिलं आणि खोडलं.

"अहो, ज्यांना मत दिलंत, त्यांच्याकडेच कसली तक्रार करताय?" प्रमोदिनी वरदाच्या शालूला नावाची पट्टी शिवत म्हणाली.

"मी कोणाला मत दिलं ते तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? त्या दिवशी धो धो पाऊस होता. घरात एकशे एकोणनव्वद टोप्या पडल्या होत्या. आणि तुम्ही बोडक्या डोक्यानं गेलात."

"मी छपराखाली टोपी घालत नाही," मी म्हणालो. "सदतीस वर्षांची सवय आहे."

"आणि रस्त्यावर कुठलं छप्पर होतं?"

मी पेनाचं टोपण लावलं आणि कुत्र्याचं कौतुक किती मिनिटं करायचं, हे विचारायला कोणाचा फोन येतोय का, याची वाट पाहत बसलो.